वर्षभर थांबवलेला ब्रॉडी

सतराव्या वाढदिवसाचा केक तोंडात कोंबत ब्रॉडी म्हणाला, "आई, शाळेचे शर्ट धुऊन ठेवलेत. कुणाला हवे असले तर देऊन टाक."

लिनेटच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली. "देऊन टाक? आणि उद्या काय घालून जाणारेस?"

"उद्यापासून ग्रेगच्या टायरच्या दुकानात. सतरा झाली ना, आता शाळा सोडली तरी कुणी विचारत नाही."

शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी निवडून येणाऱ्या विद्यार्थी-कॅप्टनच्या नावांची लाकडी फळी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ब्रॉडीचं नाव लागावं, एवढ्यासाठी ही बाई बारा वर्षं जगत होती. बरोबरीची पोरं शाळेत गेली तेव्हा तिनं त्याला मुद्दाम वर्षभर घरी ठेवलं. वर्गात थोरला तोच पुढारी, असा तिचा हिशेब! शेजारच्या शेरिलनं मात्र आपली जेमा साडेचार वर्षांची असतानाच ब्रॉडीच्या वर्गात धाडून दिली. पोरगी दप्तरामागे दिसतसुद्धा नव्हती.

"शेरिल, कच्चं फळ तोडतेयस गं," हे लिनेटनं तेव्हा कुंपणावरून ऐकवलं आणि पुढे जेमाच्या प्रत्येक वाढदिवसाला ऐकवलं. एवढ्यावर थांबेल तर ती लिनेट कसली! बालवाडीच्या फाटकाशी उभं राहून तिनं आणखी तीन आयांना पटवलं. त्यांचीही पोरं वर्षभर घरी बसून टीव्ही बघत राहिली.

आणि आता कॅप्टनची निवडणूक तोंडावर आलेली असताना हे!

"डग, अरे तू तरी बोल!" ती नवऱ्यावर खेकसली.

डगनं आपल्या जुन्या पिकअपची किल्ली पोराच्या हातात ठेवली. "एकट्यानं गाडी चालवायचं लायसन मिळालं त्याला. अख्ख्या वर्गात पहिला. तुला पहिलाच हवा होता ना?"

दुसऱ्या दिवशी लिनेट मुख्याध्यापक ओकलींच्या खोलीत जाऊन थडकली. "अहो, लहान आहे तो! त्याला काडीची अक्कल नाही!"

"याच खुर्चीत बसून तुम्ही म्हणाला होतात, हा वर्गात सगळ्यांत समंजस निघेल," ओकली शांतपणे म्हणाले. "निघाला की. नियम वाचून आला होता."

"मग ती जेमा बरी नाही जात कुठं!"

"तिला अजून सोळासुद्धा पूर्ण व्हायचीयत. जाते म्हणाली तरी मी सोडणार नाही."

एवढ्यानं भागलं असतं तरी ठीक होतं. पण ब्रॉडी त्या पिकअपमधून मित्रांना फिरवायला लागला. मित्र कोण, तर लिनेटनंच थांबवलेले ते तिघे. जूनअखेर तिघांनाही सतरा पूर्ण झाली. एक मेंढ्या कातरायला गेला, एक छपरं बसवायला. तिसरा कुठं जातो हे त्याच्या आईला अजून कळलेलं नाही, पण शाळेत जात नाही हे नक्की.

तिघी आयांनी लिनेटला सुपरमार्केटात गाठलं. "तूच म्हणालीस ना, घाई करू नका म्हणून?"

"शाळेत घालायची म्हटलं होतं मी! बाहेर पडायची घाई करा असं म्हटलं होतं का?" असं म्हणत लिनेट ट्रॉली तिथंच सोडून पळाली.

थोरले सगळे पांगल्यावर कॅप्टन कोण होणार? जेमा झाली. त्या संध्याकाळी शेरिल झाडांना पाणी घालता घालता कुंपणावरून म्हणाली, "कच्चं फळ बरं टिकलं गं, लिनेट."

लिनेट तोंड इतकंसं करून घरात येऊन बसली. तेवढ्यात ब्रॉडी आला, कोपरापर्यंत काळाकुट्ट, आणि धपकन खुर्चीत बसला.

"काय रे, काय झालं?"

"तिथं मीच सगळ्यांत लहान आहे, आई. चहा मी करायचा, झाडू मी मारायचा, शिव्या मी खायच्या. ग्रेग म्हणतो, 'पोरा, अजून कच्चा आहेस, एखादं वर्ष थांबायला हवं होतंस.'"

लिनेटच्या अंगात जीव आला. पण आधी तिनं उठून कुंपणाकडची खिडकी घट्ट लावली.

"मग मी काय सांगत होते? थांबायचं होतंस ना एक वर्ष!"

"थांबलो होतो की," ब्रॉडी बूट काढत म्हणाला. "ते वर्ष तू मी पाच वर्षांचा असतानाच वापरून टाकलंस."