बुडबुडा मध्यावर आहे

न्हाणीघरात आईला धरायला एक दांडी हवी होती. मागणी तोंडी असूनही, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या मुलानं ती तत्परतेनं दाखल करून घेतली आणि मागच्या खोलीतल्या आपल्या कार्यशाळेत आधी हत्यारांची तपासणी करायचं ठरवलं.

सपाटी तपासायची बुडबुड्याची लेव्हल त्यानं टेबलावर ठेवली. बुडबुडा किंचित खिडकीकडे सरकला. टोकं फिरवून ठेवली; पुन्हा खिडकीकडेच. म्हणजे लेव्हल निर्दोष, टेबल कललेलं. पण कललेल्या टेबलाची साक्ष ग्राह्य कशी धरायची? लेव्हलवर ‘निर्णय प्रलंबित’ अशी चिठ्ठी चिकटली.

टेबलाचे पाय मोजायला टेप आली. तिचं आणि पोलादी पट्टीचं अर्ध्या मिलिमीटरवरून वाजलं. सुतारी गुण्याचा काटकोन पाहायला सरळ कडेची फळी हवी. कड सरळ आहे हे सांगणार पट्टी, आणि ती तर चौकशीखाली.

“अहो, आईंना धरायला दांडी हवीय, रॉकेट नाही सोडायचंय,” बायको म्हणाली.

“आणि वाकडी बसली तर?”

“बसू दे. एकतीस वर्षं मी दुसरं काय धरून बसलेय?”

हे निवेदन त्यानं फाइलला लावलं.

आई दाराशी आली. “चालू दे रे तुझं. तोवर मी नळाला धरते.”

“नळ त्यासाठी प्रमाणित नाही, आई.”

तिसऱ्या आठवड्यात नळ आईच्या हातात आला आणि आई फरशीवर. मनगट मोडलं.

“हाड सरळ बसलंय हे कशावरून?” त्यानं डॉक्टरला विचारलं.

“एक्स-रेवरून.”

“आणि ते यंत्र कुणी तपासलं?”

डॉक्टरनं त्याला बाहेर बसायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी, विशेष बाब म्हणून, लेव्हलला मंजुरी मिळाली आणि दांडी बसली. बुडबुडा दोन रेघांच्या अगदी मधोमध. फक्त उंची त्यानं स्वतःच्या खांद्याएवढी धरली होती. आईचा हात तिथवर पोचेना. प्लास्टरमधला नाही आणि धडकाही नाही. उंचीचा मुद्दा मूळ मागणीत नमूदच नव्हता.

आईला भेटायला म्हणून शेजारी येतात, आत्या येते, मेहुणे येतात. सगळे आधी न्हाणीघरात शिरतात, दांडीवर लेव्हल ठेवून बघतात आणि “वा! तसूभर फरक नाही” म्हणत चहा पिऊन जातात.

मनगट दुखतंय का, हे आईला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा इथवर बुडबुड्याकडेच बघत आलात.