बटणावरचा आकडा अधिक समजावा

"मेइरम, बाहेर किती आहे?"

सारिओझेनच्या उष्णता पुरवठा कार्यालयात सकाळ या प्रश्नानं उजाडायची आणि संध्याकाळ याच प्रश्नानं मावळायची. विचारणारे म्हणजे संचालक सोवेतखान. त्यांना सगळे मानानं सोवेके म्हणत. त्यांच्या खुर्चीमागं भलीमोठी खिडकी होती. पण खिडकीपुढं कपाट होतं, कपाटात मानपत्रं आणि करंडक होते, आणि ते हलवायचे म्हणजे साहेबांचा मान हलवण्यासारखं होतं. म्हणून मेइरम पळायचा. कोट चढवायचा, कानटोपी ओढायची, जिने उतरून फाटकाजवळच्या खांबावरचा थर्मामीटर बघायचा आणि धापा टाकत वर येऊन आकडा सांगायचा. तोवर चहाच्या नादात सोवेके प्रश्नच विसरलेले असायचे.

या आकड्यावर गाव जगत होतं, हे मात्र खरं. गावातल्या एकूण एक इमारतीत याच कार्यालयाच्या बॉयलरचं पाणी रेडिएटरमधून फिरायचं. बाहेर जितकी थंडी तितकं पाणी तापवायचं. मेइरमच्या दोन खोल्यांतही तेच पाणी यायचं, आणि त्या खोल्यांत फेब्रुवारीच्या मध्यावर एक नवीन माणूस राहायला येणार होता.

मेइरम कार्यालयाचा संगणक विभाग होता. विभाग म्हणजे तो एकटाच. दुसरं कुणी नव्हतं. जानेवारीत एकदा पायाची बोटं बधिर होऊन जिन्यात आपटला, तेव्हा त्यानं ठरवलं की आता पुरे. बसून त्यानं छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. साहेबांच्या ब्राउझरच्या वरच्या पट्टीत एक इवलंसं बटण. दर अर्ध्या तासानं हवामानाच्या साइटवरून सारिओझेनचं तापमान आणायचं आणि बटणावर दाखवायचं. काम चोख झालं. अडचण एवढीच की बटणावर दोनच अक्षरं मावत होती. बाहेर उणे अठ्ठावीस असलं की बटणावर मायनस आणि दोन एवढंच दिसायचं, आठ कापला जायचा.

"मायनस दोन?" सोवेके आतून ओरडले. "मग पाणी एवढं का उकळताय? कोळसा तुमच्या बापाचा आहे?"

"मायनस काढून टाक बाबा," लिदिया ओत्तोव्ना म्हणाली. बॉयलरवाल्यांना फोनवर हुकूम पोचवायचं काम तिचं होतं आणि तिचं टेबल मेइरमला लागून होतं. "जानेवारीत इथं मायनस म्हणतं कोण? 'आज अठ्ठावीस आहे', झालं. अठ्ठावीस अधिक असते तर मी इथं लोकरीचे बूट घालून बसले असते?"

बिनतोड होतं. ज्या गावात निम्मं वर्ष बर्फ, तिथं मायनस म्हणणं म्हणजे माशानं माशाला पाणी ओलं असल्याचं सांगणं. मेइरमनं मायनस छाटला.

सोवेके हरखले. त्यांनी प्रांताला कळवलं. प्रांताहून समिती आली, बटणासोबत फोटो काढून गेली आणि 'डिजिटल प्रगती'चं मानपत्र पाठवलं. मानपत्रावर नाव सोवेकेंचं होतं. ते कपाटावर उभं केलं, आणि खिडकीचा जो वीतभर तुकडा अजून दिसत होता तोही झाकला गेला.

मार्च लागला तशी मेइरमला काळजी लागली. घरी पाळण्यात लेक आली होती, त्यामुळं थंडी-उन्हाचा विचार आता त्याच्या डोक्यात कायम असायचा. तो आत गेला.

"सोवेके, आता आकडा अधिक का उणे ते कळायचं नाही. उणे असला तर निळा दाखवतो, अधिक असला तर लाल. एका ओळीचं काम आहे."

"लाल?" सोवेकेंनी पेला खाली ठेवला. "समितीनं मंजूर केलेलं बटण पांढरं आहे. रंग बदलायचा तर पुन्हा समिती. समिती बसते जूनमध्ये."

"मग जूनपर्यंत?"

"जूनपर्यंत आदेश."

आदेश निघाला, शिक्क्यासकट. 'नौरिझच्या नववर्षदिनापासून वसंत ऋतू सुरू होत असल्याने त्या दिवसापासून बटणावरील आकडा अधिक समजावा.'

आदेशाची प्रत वसंताला कुणी दिली नसावी. नौरिझच्या मेजवानीची भांडी विसळून होतात न होतात तोच उत्तरेकडून वारा सुटला आणि डबकी पुन्हा दगड झाली. बटणावर बारा आला. मग तेरा. मग पुन्हा बारा. नियम असा होता की सलग पाच दिवस आकडा आठाच्या वर राहिला की गावाचं तापवणं बंद करायचं. पाचव्या दिवशी सोवेकेंनी नवी टाय लावली आणि बॉयलर बंद करण्याच्या कागदावर गंभीरपणे सही केली.

दुपारपासून फोन सुरू झाले.

"बाई, बारा आहे बारा! मी डोळ्यांनी बघतोय," सोवेके फोनवर म्हणत होते. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. "खिडक्या उघडा, वसंताची हवा घ्या... नळ गोठला? तो तुमच्या नळाचा दोष."

कार्यालयात सगळे फरचे कोट घालून कामं करत होते. लिदियाच्या पेनातली शाई उतरेना, म्हणून ती मधूनमधून पेन काखेत धरायची. पण बटण चुकतंय असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. सोवेकेंच्या बंगल्याला वेगळा बॉयलर होता हे सांगायला नकोच. अशा माणसांच्या बंगल्याला तो असतोच.

संध्याकाळी मेइरम घरी पोचला तेव्हा त्याची बायको, कामशात, बाळाला पोटाशी धरून, वर दोन रजया घेऊन बसली होती. बाळ खोकत होतं. मेइरमची आई, उलझान अपा, दारातच उभी राहिली.

"तू कामाला कुठं आहेस रे?"

"अपा, तुला माहितीय. उष्णता पुरवठ्यात."

"हं. मग आज उष्णता कुठं ठेवलीस? ऑफिसात विसरून आलास?"

"अपा..."

"परवा पोरीला चाळीस दिवस भरतायत. सगळ्या आज्या येणार. चाळीस चमचे पाण्यानं तिला न्हाऊ घालायचं, आशीर्वाद द्यायचे. या खोलीत पोरीचे कपडे काढू? पाणी वाटीत गोठलं तर काय चमच्यानं फोडून घालू?"

"तुझं बटण काय म्हणतं?" कामशातनं मान वर न करता विचारलं.

"तेरा."

"मग आज तेराच्या कुशीत झोप. इकडं येऊ नकोस."

सकाळी मेइरम सरळ सोवेकेंच्या खोलीत शिरला. दार वाजवलं नाही.

"सोवेके, बाहेर उणे तेरा आहे. माझी लेक खोकतेय. खांबावरचा थर्मामीटर येऊन बघा."

"खांबावरच्या थर्मामीटरला मानपत्र मिळालंय?"

"मग तुम्ही स्वतः बाहेर या. एकदाच."

कधी नव्हे ते सोवेके उठले. पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांच्या मिशा बघता बघता पांढऱ्या झाल्या. दात वाजायला लागले. अर्ध्या मिनिटात ते आत वळले.

"वारा आहे," ते म्हणाले. "बटण वारा दाखवत नाही. वाऱ्याचं खातं वेगळं."

मेइरम आपल्या टेबलाशी जाऊन बसला. त्याला आता राग येत नव्हता. रागाच्या पलीकडं जी थंडी असते ती त्याच्या अंगात भरली होती. जो माणूस मिशीवर बर्फ जमल्यावरही बटणावर विश्वास ठेवतो, त्याला खरं सांगून उपयोग नाही. त्याला त्याच्या भाषेत खोटंच सांगायला हवं. मेइरमनं स्क्रिप्ट उघडली. साइटवरून आकडा आणणाऱ्या ओळी पुसल्या आणि तिथं एकच ओळ घातली: मेइरम आपल्या फोनवरून जो आकडा लिहील, तो दाखवावा.

मग त्यानं तीन लिहिला.

पेला फुटल्याचा आवाज आला.

"मेइरम! लिदिया! तीन! तीनवर आलं!" सोवेके धावतच बाहेर आले. "बघत काय बसलात? लोकं गारठून मरतील! पेटवा बॉयलर!"

लिदियानं काखेतला पेन काढला, मेइरमकडं एकदा बघितलं आणि फोन उचलला.

ठरल्या दिवशी रेडिएटर असे तापले होते की उलझान अपाला बाह्या सारून बसावं लागलं. चमच्या-चमच्यानं पाणी पडत होतं, पोरगी तोंडाचं बोळकं पसरून ओरडत होती, आज्या आशीर्वाद देत होत्या आणि तेलात तळलेल्या गरम बाउरसाकांचा फडशा पडत होता.

"माझा मुलगा उष्णता खात्यात आहे," अपा प्रत्येकीला सांगत होती. "एक शब्द टाकला की झालं."

कामशातनं नवऱ्याच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा वाढला. मेइरमला वाटलं, सुटलो. थंडी ओसरली की जुनी स्क्रिप्ट गुपचूप परत लावायची, रंगासकट.

सोमवारी प्रांताचं पत्र आलं. अवकाळी थंडीची चाहूल सर्वांत आधी सारिओझेनच्या बटणाला लागली म्हणून अभिनंदन. बटण यापुढं सरकारी यंत्र समजावं. शाळा, दवाखाना आणि महापौरांच्या कचेरीतही ते बसवावं. आणि सरकारी यंत्र असल्यानं, सुरक्षेच्या कारणास्तव, ते बाहेरच्या कोणत्याही साइटला जोडू नये.

"साइटला जोडायचं नाही, तर आकडा येणार कुठून?" मेइरमनं विचारलं.

"आता येतोय तिथूनच येऊ दे," सोवेके म्हणाले. "छान येतोय. फक्त मधे मधे अडकतो. शुक्रवारी दोन तास तीनावरच होता. लक्ष ठेव."

एप्रिलमध्ये समिती पुन्हा आली, बसायला नाही, पाहायला. बर्फाचा चिखल झाला होता, वारा मात्र तसाच बोचरा होता. सोवेकेंनी पाहुण्यांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं.

"हे बघा. दर अर्ध्या तासाला, न चुकता. पूर्वी आमचा पोरगा बिचारा दिवसभर त्या खांबाकडं पळायचा. आता सगळं बसल्या जागी."

"ज्यानं हे केलं त्याला भेटता येईल?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

सोवेकेंनी दारातून बाहेर डोकावलं. मेइरमची खुर्ची रिकामी होती, खुंटीवर कोटही नव्हता.

"असेल कुठंतरी चहा पीत," ते हसून म्हणाले. "या पोरांना आता काम तरी काय उरलंय?"

लिदिया ओत्तोव्नानं खिडकीतून खाली पाहिलं. फाटकाजवळ, खांबाला टेकून मेइरम उभा होता. त्यानं थर्मामीटर बघितला, दातांनी हातमोजा ओढला आणि फोन काढला.

आत बटणावर चारचे पाच झाले. समितीनं टाळ्या वाजवल्या.