तांबड्या शाईतल्या मॅचेस

आमच्या पळसदरीत हिरूभाऊंना नुसतं "कसं काय?" विचारायची सोय नाही. "बरंय" म्हणायच्या ऐवजी ते सांगतात, "त्या डावखुऱ्या पोरीच्या टेनिसात देसाकडनं अकरा मॅचेस झाल्या. सात जिंकली." माझ्या मुलीच्या हळदीत त्यांनी व्याह्यांना एक डावखुरी, एक उंच, एक थंड डोक्याची आणि एक तापट अशा चौघींची माहिती दिली. व्याह्यांना वाटलं, आमच्या घरात आणखी चार मुली लग्नाच्या आहेत.

हिरूभाऊ साजगावच्या एका कारखान्यात हजेरी लिहायचे. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे, म्हणून त्यांनी भारताच्या महिला टेनिस संघाच्या निकालांची वही सुरू केली. रॅकेट त्यांनी जन्मात धरलेली नाही. महिलाच का, असं विचारलं तर म्हणाले, "पुरुषांचं लिवायला पेपरवालं हायेत की."

वहीत दोन शाया, निळी आणि तांबडी. दोन देशांच्या लढतीत तीन मॅचेस असतात. पहिल्या दोन हरल्या की देश हरला, तरी पुष्कळदा तिसरी, दुहेरीची, खेळवतातच. ती ते तांबड्या शाईने लिहितात. एकदा मी म्हणालो, "निकाल लागल्यावर ती कशाला लिहायची?" चार दिवस त्यांनी अबोला धरला. पाचव्या दिवशी कुंपणावरून म्हणाले, "देस हरला आसंल. त्या पोरी अजून खेळत व्हत्या ना रं?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, तारावहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. औषधं झाली, मालिश झालं. या वर्षी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, या हातात आता जोर येणार नाही. त्याच संध्याकाळी हिरूभाऊ नेरळला जाऊन टेनिसचा चेंडू घेऊन आले. आयुष्यातला पहिला.

परवा सकाळी मी डबा परत द्यायला गेलो, तर ते चेंडू वहिनींच्या उजव्या मुठीत ठेवत होते. तो घरंगळून कॉटखाली गेला. हिरूभाऊ गुडघे धरत वाकले, चेंडू काढून वहिनींच्या मांडीवर ठेवला आणि वही उघडली. एका पानावर वर वहिनींचं नाव होतं. खाली तांबड्या शाईत रोजची तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे 'हार'.

मी म्हटलं, "भाऊ, एखाद्या दिवशी जिंकल्या म्हणून लिहा की. कोण बघतंय?"

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आज खोटं लिवलं, तर ज्या दिवशी खरंच जिंकंल त्या दिवशी तिला पटंल का रं?"

वहिनी अर्ध्या ओठाने हसल्या. डाव्या हाताने त्यांनी चेंडू उचलला आणि आपणच उजव्या तळव्यावर ठेवला. "आनखी... एक," म्हणाल्या.

चेंडू पुन्हा कॉटखाली गेला. हिरूभाऊ गुडघे धरून उठायला लागले.

"तुम्ही बसा, भाऊ," मी म्हणालो आणि जमिनीवर पालथा पडून कॉटखाली हात घातला.