गोदूकाकूंची फोडणी

आमच्या शेजारच्या गोदूकाकूंना साधी बातमी सांगताच येत नसे. हौदावर कुणाचा बैल घसरला, तर घरी येईपर्यंत काकूंच्या तोंडी त्याचे दोन बैल व्हायचे आणि गाडीत एक नवरी बसलेली असायची. कुणी टोकलं, तर म्हणायच्या, "पाहुण्यांना फोडणीशिवाय वरण वाढतेस का गं?"

चुलीवरची फोडणीही तशीच. मोहरी तडतडली, मिरची पडली, की भिंतीपलीकडे माझी पोरं शिंकायची.

काकूंचे यजमान फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेला गेले, ते परतलेच नाहीत. बारा वर्षं माणूस आला नाही की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. मग बायकोचं कुंकू जातं, केस जातात. बारा वर्षं कधीच होऊन गेली होती. पण फौजा परतल्या की काकू कुणाकडून तरी काहीबाही ऐकून येत. यजमान कधी झाशीला किल्लेदार असत, कधी काशीत जटा वाढवून बसलेले. एकदा तर हत्तीवर दिसले. धाकटे दीर जेवताजेवता म्हणत, "वहिनी, आज हिंग जास्त झाला." सगळे हसत. काकूही हसत. आणि पुतळा पुढच्या वर्षावर जाई.

यंदा मात्र दिरांनी भटजींना तिथी विचारली. त्याच आठवड्यात ग्वाल्हेरहून आलेला एक स्वार हौदावर पाणी प्यायला थांबला. काकूंनी त्याला यजमानांचं नाव सांगितलं. मी घागर घेऊन शेजारीच होते. तो म्हणाला, ओळखतो की, डाव्या कानाची पाळी तुटलेली आहे तेच ना? घर केलंय तिकडे. बायको आहे, मुलं आहेत.

पाळी तुटलेलीच होती.

घरी येऊन काकू एवढंच म्हणाल्या, "ग्वाल्हेरला आहेत. बरे आहेत."

दिरांनी जरा वाट पाहिली. पुढे काही येईना. "आज फोडणी संपली वाटतं," असं म्हणून त्यांनी तिथी पक्की केली.

मी दारातच उभी होते. तोंड उघडणार, तोच काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. परसात नेऊन म्हणाल्या, "त्यांना नावं ठेवतील गं. आणि विधवेला कोणी हसत नाही. टाकलेलीला हसतात."

आता काकू लाल आलवणात स्वयंपाक करतात. फोडणी अजून देतात. पण मोहरी पडताच वर झाकण दाबून धरतात. भिंतीपलीकडे काही ऐकू येत नाही.