लोवेलची छडी मोडताना

चर्चमध्ये, लोवेल प्रेंटिसच्या शवपेटीसमोर उभं राहून डेलबर्ट हॉक्सनं जादूची छडी दोन्ही हातांत धरली आणि जोर लावला.

ती मोडली नाही. लोंबली.

थांबा. आधीचं आधी.

जादूगार गेला की दफनापूर्वी त्याची छडी मोडायची, ही या मंडळींची रीत. धनी गेला, छडीतला जोर गेला. ओहायोतल्या त्या छोट्या गावच्या जादूगार मंडळात आता मोजकी म्हातारी डोकी उरली होती. डेलबर्ट अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य. ‘कला जपणं आणि वाढवणं ही आपली जबाबदारी आहे,’ हे तो प्रत्येक सभेत सांगे. जपणं जमत होतं. इतकं, की कुणाला पत्ताच लागत नव्हता.

लोवेलच्या मागे त्याचा पेटारा राहिला होता. आजोबांपासूनचं जादूचं सामान.

“विधी मानानं केलात तर पेटारा मंडळाचा,” लोवेलची बायको व्हर्ना म्हणाली होती. “नाहीतर ट्रॉय नेईल.”

ट्रॉय तिचा भाचा. त्याला ते सगळं एका बारवाल्याला विकायचं होतं. भिंतीवर टांगायला.

मंडळातल्या ऑगीनं सुचवलं, “साधी काठी काळी रंगवू. मधे करवतीनं अर्धी कापून ठेवू. कडकन मोडते. सगळे तेच करतात रे.”

“निदान मेलेल्या माणसापुढे तरी हातचलाखी नको,” डेलबर्ट म्हणाला. “लोवेलचीच छडी. आणि खरी मोडायची.”

व्हर्नानं लोवेलच्या कोटातून छडी काढून दिली. ती मुलांच्या वाढदिवसाच्या खेळांतली निघाली. पोरांच्या हातात दिली की तुकडे होऊन लोंबणारी.

तर, लोंबली.

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. डेलबर्टनं घाबरून हात झटकला. छडी ताठ झाली. आता पुढच्या बाकावरही हसले.

“याची... याची शक्ती आता...” डेलबर्टनं पुन्हा जोर लावला. लोंबली. झटकली. ताठ. पाद्रीसाहेबांनी बायबल तोंडापुढे धरलं. बायबल हलत होतं.

“गुडघ्यावर मार!” ऑगी कुजबुजला.

डेलबर्टनं गुडघ्यावर मारली. गुडघ्याला लागलं. छडीला नाही.

“पण ती होते कशी सरळ?” ट्रॉयनं मोठ्यांदा विचारलं.

आणि ऑगी, कधी काळी हात वर करून गुपित न फोडण्याची शपथ घेतलेला ऑगी, वैतागून उभाच राहिला. “अरे, आत दोरी आहे! खालचं टोक ओढलं की ताठ, सोडलं की ढिली! डेलबर्ट, टोक ओढून धर ना बाबा!”

भर चर्चमध्ये टाळ्या पडल्या.

डेलबर्टनं छडी तशीच शवपेटीवर ठेवली. खाली बसताना त्याला वाटलं, लोवेलनं पेटीत जरा सरकून आपल्याला जागा द्यावी.

नंतर तळघरात जेवण होतं. हॅम, चीज घालून भाजलेले बटाटे. डेलबर्टच्या बशीत काहीच नव्हतं. तो व्हर्नापाशी गेला.

“माफ कर. चाळीस वर्षांचा मित्र, आणि मी त्याचा तमाशा केला. पेटारा आम्ही मागणार नाही. आमची लायकीच नाही.”

“बरं झालं तूच बोललास,” व्हर्ना म्हणाली. “पेटारा ट्रॉयलाच दिला मी.”

डेलबर्टनं मान हलवली. बारची भिंत त्याला दिसू लागली.

“विकत नाहीये तो,” ती म्हणाली. “मघापासून त्या कोपऱ्यात बसलाय. जेवलासुद्धा नाही. बघ जाऊन.”

कोपऱ्यात ट्रॉय कोट काढून बसला होता. घामानं डबडबलेला. “डेलबर्ट अंकल! बरं झालं आलात. ऑगी अंकलनी आत्ता एक शिकवलं. हे नाणं बघा हं.”

त्यानं मूठ फिरवली. नाणं बोटांच्या फटीतून लख्ख दिसलं, बाहीत शिरताना अडकलं, त्यानं अंगठ्यानं ढोसलं, मग ते जमिनीवर पडलं आणि त्यानं त्यावर बूट ठेवला. मग रिकामी मूठ उघडून त्यानं वर पाहिलं. चाळिशी उलटलेल्या त्या चेहऱ्यावर लहान पोराची धाकधूक होती.

“दिसलं का हो?”

रंगमंचाबाहेर डेलबर्ट हॉक्सनं आजवर कुणाला फसवलं नव्हतं.

“छे,” तो म्हणाला. कान तापले त्याचे. “गेलं कुठे रे?”