घड्याळजींनी भिंत सर केली त्याची हकीकत

हकीकत ऐकावी, मध्ये कोणी बोलो नये. घड्याळजी रावसाहेब यांणी स्वयंपाकघराचे भिंतीवर फळी चढविली, ते समयी काय संकट गुदरले आणि काय बचावले, हे पुढील पिढीस ठाऊक असावे, आणि हाती यंत्र धरणारास धाक राहावा, म्हणोन घडले तैसे लिहिले आहे. तिखटमीठ लागले असेल ते चवीपुरते.

तरी घड्याळजी म्हणजे घरी बसोन घड्याळे दुरुस्त करणार, बहुत कसबी पुरुष. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलावी आणि श्वास रोखोन जागी बसवावी, ऐसे हात आणि ऐसी नजर, आणि पोट त्याच दोहोंवर. परंतु दुकान नाही, सबब घड्याळांचे ठाणे जेवणाचे टेबलावर बसले. आधी एक कोपरा गेला, मग निम्मा मुलूख गेला, मग खासा बाईसाहेब मांडीवर ताट घेवोन जेवो लागल्या. तेव्हा त्यांची मर्जी खप्पा जाहली आणि फर्मान सुटले की, आठा दिवसांत फळी लागावी आणि घड्याळे तीवर चढावी, न लागल्यास घड्याळांनी आणि त्यांचे धन्याने जिन्यात बिऱ्हाड करावे.

मग कुमक मागितली ती सासरेबोवांकडे. हे बाईसाहेबांचे वडील, कसलेले सुतार, चाळीस वर्षे लाकूड कापिले, आणि उजवे हाताची बोटे साडेचार. त्यांणी ड्रिल मशीन रवाना केले आणि सोबत ताकीदपत्र दिले की, बाही सैल नसावी, हातमोजे घालो नयेत, फिरत्या टोकात गुंततात. भिंतीचे पोटातून वायर कोठे जाते ते आधी पाहावे. डोळ्यांस गॉगल लावावा, त्यात हयगय चालणार नाही. आणि त्यांचे घराण्याचा दस्तूर ऐसा की, मशीनचा प्लग काम करणाराने स्वहस्ते लावो नये. तो घरातील दुसऱ्याने हाती धरावा, ‘बोटं किती?’ ऐसे पुसावे, दोन्ही पंजे पाहोन उत्तर घ्यावे, मगच लावावा. ज्या दिवशी अर्धे बोट गेले त्या दिवशी पुसणारे कोणी नव्हते, तेथपासोन हा दस्तूर.

रविवारी सकाळी मोर्चा लागला. बाईसाहेबांनी घड्याळजींच्या बाह्या वर सारिल्या, त्यांस गॉगल चढविला, पुसले, घड्याळजींनी दहा बोटे दाखविली, प्लग लागला आणि पहिले भोक एका दमात फत्ते जाहले. तेणेकरोन घड्याळजींस मर्दुमकीचा वारा लागला. इतक्यात गॅसवरचे दूध वर आले आणि बाईसाहेब तिकडे धावल्या. ती संधी साधोन घड्याळजींनी गॉगल काढिला.

“अहो, गॉगल!” पाठ फिरलेली असताही बाईसाहेबांस कळले, ते कसे हे त्याच जाणोत.

“बेडूक दिसतो मी त्यात! वीस वर्षं या भिंगानं काम करतोय, मला शिकवू नकोस,” ऐसे बोलोन घड्याळजींनी आपले धंद्याचे भिंग उजवे डोळ्यास लाविले, डावा डोळा सवयीने मिटला, आणि नाक भिंतीस टेकेल इतके पुढे वाकले. मनगटी घड्याळ उघडावे आणि आत डोकावावे, तैसे चालत्या ड्रिलवर डोकावले. अरे देवा, काय ही अक्कल!

आत दगड लागला. यंत्र किंचाळले, दगडाची कपची उडाली आणि खट्ट ऐसा आवाज जाहला. मशीन हातचे सुटले, घड्याळजी तोंडावर दोन्ही हात धरोन स्टुलावर बसले. बाईसाहेब आल्या त्या दूध तैसेच टाकोन आल्या, परंतु सुताराची लेक, आधी प्लग ओढिला, मग पुसले.

“बोटं किती?”

“दहा,” हातांआडून उत्तर आले.

“आणि डोळे?”

टेबलावर अठरा घड्याळे चालू होती, ती एकेक वेगळी ऐको आली. बाईसाहेबांनी भिंत धरली. मग घड्याळजींनी हात हळूच खाली घेतले. भिंगाची काच मधोमध तडकली होती. ते काढिले, उजवा डोळा उघडला, त्यास बाईसाहेब दिसल्या. डावा उघडला, त्यासही दिसल्या.

“दोन,” ते म्हणाले. “चुकलो गं.”

“मेलं ते टेबल आणि मेली ती फळी!” ऐसे म्हणोन बाईसाहेब जमिनीवर बसल्या आणि पोटभर रडल्या, आणि रडता रडता बोलल्या ते येथे लिहिण्याजोगे नाही. घड्याळजींनी मान खाली घालोन सर्व ऐकिले, आणि नळाखाली डोळे धुतले.

मग दुसरी चढाई. गॉगल खुद्द बाईसाहेबांनी चढविला, पट्टा कान दुखेतो आवळला, भिंतीपासोन हातभर अंतरावर उभे केले, बोटे मोजिली, डोळे मोजिले, मग प्लग लाविला. उरली भोके पडली, स्क्रू बसले, फळी चढली, आणि एकेक घड्याळ टेबल सोडोन वर गेले.

सायंकाळी सासरेबोवा पाहणीस आले. फळीकडे पाहिले नाही.

“हात बघू, जावईबापू,” म्हणाले, आणि आपले अर्धे बोट प्रत्येक बोटास लावोन दहाही मोजिली. मग फळीचे कडेस तडकलेले भिंग दिसले. ते उजेडात धरोन बराच वेळ पाहिले आणि लेकीस पुसले, “तू विचारलंस ना?”

“विचारलं, बाबा. डोळेसुद्धा विचारले.”

“मामा, मशीन पुसून ठेवलंय, घेऊन जा,” घड्याळजी खालमानेने बोलले.

“राहू दे इथंच,” सासरेबोवा म्हणाले. “इथं मोजणारं माणूस आहे.”

येणेप्रमाणे भिंत सर जाहली. फळी डावे बाजूस अंमळ कलली आहे, दूध सर्व उतो गेले, भिंग एक कामी आले. बोटे दहा आणि डोळे दोन, घरच्यांनी मोजोन खातरजमा केली. ते दिवशी तिघेही टेबलावर ताट ठेवोन जेवले.