आतली केबिन, चार हजारांनी महाग

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नीतूने माझ्याकडे समुद्र मागितला. साडी नाही, पाटल्या नाहीत. समुद्र.

"अहो, मला जहाजातून जायचंय. सकाळी उठून पडदा सारला की समोर पाणी दिसलं पाहिजे. हातात चहा. बस, और कुछ नहीं."

नीतू धारची. नेमावरला नर्मदेत ती एकदाच नावेत बसली होती, आणि तीही नाव काठाला बांधलेली होती (फोटोपुरती). पंचवीस वर्षांत तिने स्वतःसाठी असं काही मागितलंच नव्हतं. (मागितलं असेल. मी ऐकलं नसेल.) तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "जाऊ या. बुकिंग मी करतो."

इथेच चुकलं.

मी शरच्चंद्र जाधव. देवासच्या एका कारखान्यात खरेदी विभागात सव्वीस वर्षं बाबू आहे. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी घरी कोथिंबीरही आणत नाही. माझ्यासारख्याला जहाज कंपनी काय फसवणार, असं मला वाटत होतं, आणि ते खरंच ठरलं. कंपनीने मला मुळीच फसवलं नाही. कंपनीला मध्ये पडावंच लागलं नाही.

बसस्टँडजवळ फत्तेसिंगचं तिकिटांचं दुकान आहे. त्याने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "भिया, मुंबई-गोवा-मुंबई. दोघांचे बाल्कनीवाल्या केबिनचे अडतीस हजार. इनसाइडचे बेचाळीस."

"उलटं वाचलंस."

"सीधं वाचलं भिया. इनसाइड सस्ती असते म्हणून पब्लिकने आधी तीच उचलली. आता दोन-तीन उरल्या, तर भाव चढला. बाल्कन्या पडून आहेत. जहाज सुटलं की रिकामी केबिन म्हणजे संध्याकाळी उरलेली पालकाची जुडी. कोण घेणार? म्हणून कंपनीने भाव पाडला."

पालक ऐकताच माझे कान टवकारले. सव्वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय : भारी माल स्वस्तात मिळत असेल तर तो कुणीतरी परत पाठवलेला असतो. एकदा असेच स्वस्त बेअरिंग घेतले होते, त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"आणि एकटा माणूस गेला तर?"

"एकट्यालाही अडतीसच. केबिन दोघांची धरतात."

"तिघं गेले तर?"

"तिसऱ्याचे फक्त तीन हजार, दोन्हीकडे."

एकाला अडतीस, दोघांना अडतीस, तिघांना एक्केचाळीस! अशा हिशेबावर आमच्या साहेबांनी मला दारातच उभं केलं असतं. फत्तेसिंग पुढे बरंच बोलत होता. जहाजाच्या मधली खोली महाग, कारण तिथे डोलत कमी. वर नाचण्याचा हॉल असेल तर खालची खोली स्वस्त. आज बघितलेला भाव उद्या नसतो. मी मान हलवत होतो, पण मनात ठरलं होतं. बाल्कनी म्हणजे बाहेरची बाजू. बाहेर काय असतं? वारा, पाणी, धोका. इनसाइड म्हणजे आतला भाग. राजवाड्यातही सर्वांत मानाच्या खोल्या आतच असतात. उगाच का चार हजार जास्त घेतील?

"इनसाइड दे," मी म्हणालो.

"भिया, एकदा सोच लो. इनसाइडला खिड—"

"इनसाइड दे म्हटलं ना!" (पुरवठादाराला वाक्य पूर्ण करू द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. पूर्ण वाक्यात तो भाव वाढवतो.)

"मग नावं सांगा."

"घरी विचारून येतो," मी म्हणालो. वयं नि आधार नंबर मला पाठ नव्हते. घरी गेलो आणि उत्साहात बोलून बसलो, "नीतू, गंमत बघ, तिसरा माणूस जवळजवळ फुकट आहे!"

नीतूचा चेहरा उजळला. "खरंच? मग आईला घेऊ!"

फुकट हा शब्द एकदा तोंडातून गेला की परत घेता येत नाही. अशा रीतीने आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला मी, नीतू आणि सासूबाई कुसुमावती निघालो. सासूबाईंनी धारहून शेवेचा डबा, लिंबाचं लोणचं आणि सोवळ्याचं पातळ आणलं. "जावईबापू, जहाजावर पंगत कुठल्या दिशेला बसते?" एवढंच त्यांनी विचारलं.

मुंबईच्या धक्क्यावर जहाज उभं होतं. एवढी मोठी वस्तू तरंगते हे मला अजूनही पटलेलं नाही. लांबच लांब बोळातून चालत आम्ही केबिनपाशी आलो. दार उघडलं. खोली छोटी पण देखणी होती. समोरच्या भिंतीवर छताला टेकलेला निळा पडदा होता. नीतूने पिशवी खाली ठेवली, पदर सावरला आणि देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला गाभाऱ्यात शिरावं तशी ती पडद्यापर्यंत गेली. दोन्ही हातांनी पडदा सारला.

मागे भिंत होती. भिंतीवर चौकट होती. चौकटीत समुद्राचं चित्र होतं.

सासूबाईंनी चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, लाटा हलत कशा नाहीत?"

नीतूने पडदा पुन्हा नीट बंद केला. "छान आहे," ती म्हणाली.

नवरे मंडळींना सांगायला नको, "छान आहे" म्हणजे काय. ती ओरडली असती तर मी बेअरिंगची गोष्ट सांगितली असती. तिने फक्त कपडे कपाटात लावायला घेतले, आणि माझे तिच्यापासून दोन हात लांब लावले.

मी धावत रिसेप्शनला गेलो. तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं, "सॉरी सर, शिप फुल्ल आहे. बाल्कनी तर लास्ट वीकमध्ये खूप स्वस्त होती. तुमच्या एजंटने सांगितलं नाही?"

"वाक्य अर्धंच सांगितलं," मी म्हणालो.

तिसऱ्या माणसाचा पलंग छतातून खाली येतो, हे तोवर मला कळलं होतं. खालचे दोन अर्थातच मायलेकींना. मी शिडीने वर चढलो. उठून बसलो की डोकं छताला, झोपलो की नाक छताला. आणि खिडकी नसली की सकाळही होत नाही. अजून पहाट आहे असं समजून मी पडून राहिलो, तर सासूबाई खालून म्हणाल्या, "जावईबापू, दहा वाजले. नाश्ता उचलताहेत."

तो दिवस म्हणजे वाढदिवसाचाच दिवस.

नाश्त्याच्या टेबलावर मल्हारराव भेटले. देवासकडच्याच बागलीचे निवृत्त हेडमास्तर, बहात्तर वर्षांचे, डोक्याला फेटा, हातात पोह्यांची बशी. मराठी ऐकून ते स्वतःच आमच्याकडे आले. एकटेच होते. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिला समुद्र दाखवायचा राहिला, म्हणून आता तिच्या नावाने स्वतः बघायला आलेले.

"एकट्याला दोघांचे पैसे पडले," ते म्हणाले, "पण म्हटलं, बरोबरच आहे. एक खुर्ची तिची. चला, बसायला चला माझ्याकडे, बाल्कनी आहे. देवासचा कुणी फत्तेसिंग आहे, त्याने पस्तीस हजारांत दिली. म्हणाला, 'आपके पहले एक भिया आया था, उसने लेने से मना कर दिया.'"

मी पोहे खात राहिलो. नीतूने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

मल्हाररावांच्या खोलीत गेलो, पडदा सारला, आणि समोर खरोखरच पाणी होतं. दुसरा काठच नसलेलं. नीतू कठड्याला धरून उभी राहिली. बराच वेळ तिला चहाचीही आठवण झाली नाही. सासूबाईंनी आणि मल्हाररावांनी खुर्च्या धरल्या आणि धार-बागलीची जुनी सोयरीक शोधायला सुरुवात केली. ती तासाभरात सापडलीसुद्धा.

मी ठरवलं, आता काहीतरी भरपाई केलीच पाहिजे. गुपचूप रिसेप्शनला जाऊन केक सांगितला. "लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. चार वाजता ह्या बाल्कनीच्या केबिनमध्ये पाठवा. गाणंबिणंही म्हणा." केबिनचा नंबर दिला. नावं द्यायचं सुचलं नाही. केबिनवरचं नाव त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं.

चार वाजता सहा जण टाळ्या वाजवत, गिटार घेऊन आत घुसले. मी दारातच उभा होतो. एकाने माझ्या हातात बशांची चळत दिली आणि बाकीचे थेट बाल्कनीत गेले. खुर्च्यांवर बसलेल्या दोघांच्या गळ्यात त्यांनी हार घातले.

"हॅपी सिल्व्हर ज्युबिली, मिस्टर अँड मिसेस मल्हारराव!"

"अगोबाई! हे काय भलतंच!" सासूबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला.

"लेट मॅरेज, सर?" गिटारवाला आदराने विचारत होता. "व्हेरी नाइस."

मल्हाररावांना अर्ध्या गोष्टी ऐकू येत नाहीत. ते उठून उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि शाळेतल्या समारंभाची सवय असल्यामुळे छोटं भाषणही केलं. मी "अहो, आम्ही! आम्ही!" असं ओरडत होतो, पण हातात बशा होत्या आणि गाणं सुरू झालं होतं.

आणि तेवढ्यात नीतू हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग कठड्याला धरून, मग खाली बसून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गाणं संपल्यावर माझ्याजवळ आली, केकचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षांत तुम्ही मला एवढं कधी हसवलं नव्हतं." मी बशांसकट मान हलवली. तोंडात केक होता.

मल्हाररावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पहिला चहा त्यांच्याच बाल्कनीत पाजला. पडदा तिने स्वतः सारला.

जहाजावरच्या फोटोवाल्याने त्या समारंभाचा फोटो काढला होता, तो नीतूने मोठा करून घेतला. आमच्या बैठकीत सोफ्याच्या वर लावलाय. मधे हार घातलेल्या सासूबाई आणि मल्हारराव, शेजारी हसणारी नीतू, मागे समुद्र. डाव्या कडेला बशा धरलेला एक हात आहे.

येणारे-जाणारे विचारतात, "हा हात कुणाचा? वेटरचा का?"

सगळी कथा सांगत बसण्याचा कंटाळा येतो म्हणून नीतू म्हणते, "हो. पण स्वभावाने फार चांगला होता."